तीन पातळ पट्ट्या

नवीन कॅमेऱ्याची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली, तेव्हा माझ्या भावाला इतका आनंद झाला की त्याने स्वतःहून मला चहा करून दिला. एरवी हा माणूस दुकानात आलेल्याला पाणीसुद्धा विचारत नाही.

"तुझा जावई पुन्हा रुसला बघ," तो म्हणाला. "आता म्हणे पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला येणार. आला तर."

"येईल. आणि तू दात काढू नकोस."

जावई हे नाव त्यानेच ठेवलेलं. अजून घरात पाऊल नाही आणि कौतुक किती, असं त्याचं म्हणणं. तो कॅमेरे दुरुस्त करतो. हातात सदा चिमटा, म्हणून मी त्याला चिमटा म्हणते, आणि आता सगळा बाजारच म्हणतो. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. कॅमेरा हातात धरायला मीच त्याला शिकवलं, पण साहेबांना फोटो काढण्यापेक्षा कॅमेरा उघडून बसण्यातच जास्त रस.

मी एकतीस वर्षं फोटो काढते आहे. लग्नाचे काढले, बारशाचे काढले, आता मुख्यतः शाळांचे. एका वर्गात चाळीस मुलं, तीन रांगा, आणि ज्याला हसायला सांगावं तो रडतो. ऑटोफोकसला मी जन्मात हात लावला नाही. लेन्सची कडी हाताने फिरवायची, लांबून जवळ यायचं, चेहरा स्पष्ट झाला की थांबायचं. कॅमेऱ्याने आपोआप फोकस करायचा आणि आपण नुसतं बटण दाबायचं, याला मी आंधळ्याची काठी म्हणायचे. चारचौघांत म्हणायचे, हसून म्हणायचे.

आणि आता मीच त्या काठीची वाट बघत होते, कारण माझे डोळे चालले होते.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. उजव्या डोळ्याच्या बरोबर मधोमध एक डाग आहे, काचेवर तेलकट बोट लागावं तसा. कडेचं सगळं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेवढंच पुसलं जातं. डावा डोळाही त्याच्या मागोमाग निघालाय. डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी दीड वर्षापूर्वी सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, औषधाने फार तर चाल मंदावेल. मी दर दोन महिन्यांनी गुपचूप जात होते. घरी आमच्या ह्यांनाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी काळजीने मला घरात बसवलं असतं, आणि घरात बसले असते तर मी आठ दिवसांत वेडी झाले असते.

चौदा तारखेला मोठ्या शाळेचे फोटो होते. सतरा वर्ग. बावीस वर्षं ते काम माझं आहे. ज्यांचे पहिलीतले फोटो मी काढले त्या आता तिथे बाई म्हणून शिकवतात. ते काम मला सोडायचं नव्हतं. हौस म्हणून नव्हे, मला दुसरं काही येतच नाही. नऊला कॅमेरा आला तर हाताशी पाच दिवस, एवढा साधा हिशोब होता.

त्यात माझा जुना कॅमेराही म्हातारा झालेला. वर्षभरात तीनदा चिमट्याकडे दुरुस्तीला टाकला होता. फोटो मऊ येतात, चेहऱ्याऐवजी मागची भिंत स्पष्ट येते, अशी तक्रार. प्रत्येक वेळी दोन दिवस ठेवून घ्यायचा, "बघितलं, केलं" एवढंच म्हणायचा. आणि फोटो खरंच टकाटक यायचे! मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. खरं सांगते, त्या दुरुस्त्यांनी मला मोठा धीर दिला होता. डॉक्टर बाई काहीही म्हणोत, दोष निम्मा तरी कॅमेऱ्याचा आहे, असं मी मनाशी धरलं होतं.

तर भांडण. रोज संध्याकाळी त्याच्या दुकानात, कामाच्या टेबलाच्या दोन बाजूंना बसून.

"माणसाचा डोळा शोधतो तो," मी फोन पुढे धरून म्हणायचे. "हे वाच. चेहरा वळला तरी डोळा सोडत नाही. चष्मा असला तरी."

"अक्षरं केवढी मोठी केलीस ताई! समोरच्या न्हाव्याला वाचता येतील."

"विषय बदलू नकोस."

"बरं. डोळा शोधतो. कुणाचा?"

"समोर असेल त्याचा."

"समोर चाळीस असतील तेव्हा? ऐंशी डोळे. जो सगळ्यात पुढे तो पकडणार, पहिल्या रांगेतला. मागची रांग गेली बाराच्या भावात. तू दुसऱ्या रांगेवर फोकस धरतेस तो का, हे त्या जावयाला कोण समजावणार?"

"चौकट आपण ठेवायची. त्याने तेवढ्यातच बघायचं. ती सोय आहे त्यात."

"अंधारात चाचपडतो म्हणे."

"शाळेचे फोटो मी अंधारात काढते का रे?"

"आणि बॅटरी? दुपारपर्यंत टिकली तर नशीब."

"चार घेईन!"

मग तो चिमटा खाली ठेवायचा आणि एकदम गंभीर व्हायचा. "एकतीस वर्षं तू ज्याला नावं ठेवलीस, ते आता अचानक का पाहिजे? आधी हे सांग."

"काळाबरोबर चालावं माणसाने."

"तू? तू अजून मोबाइलचं कव्हर बदलत नाहीस."

मी पिशवी उचलून निघायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. मला राग यायचा तो एवढ्याचसाठी की साऱ्या जगाने विरोध केला तरी चालेल, पण याने माझ्या बाजूने बोलावं असं वाटायचं. आणि हा पठ्ठ्या दर वेळी नवीन खोट काढून तयार! त्याचा त्या कॅमेऱ्यावर एवढा दात का, हे मला कळत नव्हतं. एकदा तर म्हणाला, "खेळणं मिळालं की माणूस बाकीच्या गोष्टी टाळतो." कुठल्या गोष्टी, विचारलं, तर म्हणे काही नाही.

नऊ तारखेला जावई आला.

बाजारातल्या मोठ्या दुकानात कंपनीची एक बाई तो दाखवायला येणार होती. मी सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात. चिमटाही आला. म्हटलं, तुझं काय काम? तर म्हणे, "मुलगा बघायला मामा नको का?"

बाई हुशार होती, चटपटीत. बोलताना हात पुसून मगच कॅमेऱ्याला हात लावायची, ते मला आवडलं. तिने चिमट्याला टेबलापाशी खुर्चीवर बसवलं, हात टेबलावर ठेवायला सांगितले आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. मी डोळ्याला लावला. मध्ये माझा नेहमीचा डाग, त्यात भावाचा चेहरा गेलेला. पण डागाच्या कडेने एक हिरवी चौकट चमकली आणि कानाशी बारीक टिक असा आवाज झाला. मी दाबलं. त्याने मान वळवली, टिक. तो उठून उभा राहिला, टिक. मी दाबतच सुटले.

दुकानातल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर बाईने फोटो लावला. मी जरा तिरकी उभी राहिले, म्हणजे मला कडेने दिसतं. पापणी न पापणी मोजून घ्यावी! चिमट्याच्या भुवईतला एक पांढरा केससुद्धा. मला असं भरून आलं की मी पर्समध्ये उगाच रुमाल शोधत बसले. मला काम करता येणार होतं. चौदा तारखेला सतरा वर्ग, आणि मी.

"तुमचा आत्ताचा कॅमेरा आणलाय का?" बाईने विचारलं. "दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी लावून दाखवते. फरक कळेल."

"कशाला उगाच," चिमटा एकदम म्हणाला. "चांगला आहे, कळलं आम्हाला. घेऊन टाक ताई."

गेले चार महिने ज्याने या कॅमेऱ्याचं नाव काढलं की नाक मुरडलं, तो म्हणतो घेऊन टाक! मला गंमत वाटली. मी पिशवीतून जुना काढून बाईच्या हातात दिला. तिने सवयीच्या हाताने लेन्सची कडी फिरवली, नीट वेळ घेऊन फोकस केला आणि फोटो पडद्यावर लावला.

टेबलावरची चिमट्याची बोटं अगदी स्पष्ट. नखं दिसत होती. चेहरा मात्र मऊ, विरघळल्यासारखा.

"तुम्हाला हाताने फोकस करायची सवय नसेल," मी म्हटलं. सांगते ना, माझी जीभ माझ्या ताब्यात नाही.

बाई रागावली नाही. तिने आणखी तीन काढले, खुर्चीच्या पाठीला कोपर टेकून. तिन्हींत तेच. दर वेळी चेहऱ्याच्या वीतभर अलीकडे.

"मॅडम, हा बिघडलाय," ती म्हणाली. "डोळा लावून बघताना जिथे स्पष्ट दिसतं, फोटो तिथे स्पष्ट येत नाही. आतली काच जागची हललेली असणार. तुम्ही यावर काम कसं करता?"

"अहो, असं कसं? मी काढते तेव्हा बरोबर येतात!"

बोलले, आणि बोलल्यावर माझं मलाच ऐकू आलं. चांगल्या डोळ्यांच्या माणसाला हा कॅमेरा चुकीचा. मला बरोबर.

मी चिमट्याकडे वळले. तो माझ्या पिशवीची चेन लावत होता. ती आधीच लागलेली होती.

"बाहेर चल," मी म्हटलं.

दुकानाच्या बाजूला माल उतरवायचा ओटा आहे. तिथे बसलो. मी काही विचारायच्या आधीच तो बोलायला लागला, मान खाली घालून.

"पहिल्यांदा तू कॅमेरा आणलास ना, मी दिवसभर तपासला. काही झालेलं नव्हतं त्याला. दुसऱ्या दिवशी तू न्यायला आलीस तेव्हा म्हटलं, फोकस करून दाखव. तू लांबून जवळ आलीस, नेहमीसारखी, आणि लवकर थांबलीस. पुढे अजून जायला हवं होतं. तुला तिथेच स्पष्ट वाटलं. मग लक्षात आलं, की तू दर वेळी लवकर थांबतेस. तेवढ्याच अंतराने."

"मग?"

"मग म्हटलं अजून एक दिवस राहू दे. आतली काच काढली आणि तिच्याखाली एक पट्टी घातली. कागदाहून पातळ असते. तू जेवढी लवकर थांबतेस, तेवढी चूक कॅमेऱ्याला करायला लावली. म्हणजे दोन्ही चुका मिळून फोटो बरोबर."

"आणि दुसऱ्यांदा आणला तेव्हा?"

"तू आणखी लवकर थांबायला लागली होतीस. दुसरी पट्टी घातली. मग तिसरी."

तीन पट्ट्या. डॉक्टर बाईंकडे माझ्या डोळ्यांचे रिपोर्ट आहेत, पण माझी नजर किती गेली ते माझ्या भावाने चिमट्याने मोजलं होतं, आणि मी त्याला दुरुस्ती समजून खूश होत होते. निम्मा दोष कॅमेऱ्याचा! कॅमेऱ्याचा एक कणही दोष नव्हता. मला इतका संताप आला की मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, लहानपणी घालायचे तसा. समोरून जाणारा एकजण थांबून बघायला लागला. बघू दे म्हटलं.

"वर्षभर मला उल्लू बनवलंस! तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"कसं सांगू?" तोही भडकला. "तुला! जिने मला कॅमेरा धरायला शिकवलं, तिला सांगू की ताई, तुला आता दिसत नाही? आणि तू तरी डॉक्टरकडे गेलीस का? म्हणून मी त्या नवीन कॅमेऱ्याला आडवा येत होतो. म्हटलं हे खेळणं हातात पडलं, फोटो चांगले यायला लागले, की ही बाई आयुष्यात डोळे दाखवणार नाही. वेळेत दाखवले तर बरे होतील, म्हणून..."

याला मी काय समजत होते आणि काय निघालं! वर्षभर हा मनाशी धरून बसला होता की डोळे बरे होण्यासारखे आहेत, फक्त ताई जात नाही.

"मी जाते रे," मी म्हटलं. "दीड वर्ष झालं. दर दोन महिन्यांनी."

त्याने मान वर केली.

"ते बरं होणार नाहीये. मला मधलं दिसत नाही, आणि आणखी कमी होत जाईल. एवढंच आहे."

दीड वर्षात मी हे पहिल्यांदा मोठ्याने बोलले होते. माझा भाऊ पन्नाशीला टेकलेला माणूस, भर बाजारात ओट्यावर बसून रडला. मीही रडले, खोटं कशाला बोलू. मग मी रुमाल काढला, आधी माझं नाक पुसलं आणि तोच त्याला दिला.

"चौथी पट्टी घाल ना," मी जरा वेळाने म्हटलं. थट्टाच केली, पण अर्धी.

"बसत नाही. तिसरी घातली तेव्हाच घालून बघितली होती."

"मग उठ. आत चल आणि आता खरं भांड. चार महिने खोटं भांडलास. मला असं दिसतं, हे धरून सांग, हा कॅमेरा चालेल की नाही?"

तो उठला. आणि पुढचे दोन तास त्या कंपनीच्या बाईला आम्ही दोघांनी जो घाम फोडला, तो तिच्या जन्मभर लक्षात राहील. डोळा शोधायची सोय एकट्या माणसासाठी ठेवायची, गटासाठी बंद. गटासाठी एकच चौकट, मधोमध, हलायची नाही. दुसऱ्या रांगेतला मधला मुलगा चौकटीत आला की टिक. टिकचा आवाज वाढवता येतो का? येतो, पण पोरांच्या गोंगाटात ऐकू जाणार नाही. मग कानात घालायचा इअरफोन लावता येतो का? येतो. फोटो निघाला की लगेच फोनवरून दुसरीकडे पाठवता येतो का? येतो. "कुठे पाठवायचाय?" बाईने विचारलं. चिमटा म्हणाला, "माझ्या दुकानात, मोठ्या पडद्यावर." मी त्याच्याकडे बघितलं. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पाच दिवस मी रस्त्यावरच्या खांबांचे, मोटारींचे, आमच्या ह्यांचे फोटो काढले. ह्यांना त्याच दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "मग मला कुठे उभं राहायचंय, सांग." खुर्च्या मांडून तीन रांगा केल्या, उशांना टोप्या घातल्या. कानातल्या टिकची इतकी सवय झाली की स्वयंपाक करतानाही टिक ऐकू यायला लागली.

चौदाला सकाळी मी शाळेच्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. बाई माझ्याहून लहान, पण करारी.

"एक सांगायचंय," मी म्हटलं. "मला आता समोरचं नीट दिसत नाही. डोळ्यांचा आजार आहे, बरा होणारा नाही. फोटो मात्र स्पष्ट येतील, ती जबाबदारी माझी. पहिल्या वर्गाचा फोटो बघा आणि मग ठरवा. नाही आवडला तर मी सामान उचलते आणि तुम्हाला दुसरा माणूस गाठून देते."

बाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "मी येते बघायला." आणि खरंच आल्या, हाताची घडी घालून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

पहिला वर्ग मैदानात उभा केला. तीन रांगा, चाळीस पोरं, सगळी एकमेकांना कोपरं मारणारी. मला त्यांच्या चेहऱ्यांच्या जागी नुसते ठिपके दिसत होते. मी दुसऱ्या रांगेच्या मधल्या मुलावर चौकट धरली. कानात टिक. दाबलं. फोटो फोनवर गेला, फोनवरून दुकानात. मी चिमट्याला फोन लावला. मोठ्या बाई बघत होत्या.

तो पडद्यावर एकेक चेहरा तपासत असणार. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"अरे बोल की!"

"फोकस नेमका आहे. तिन्ही रांगा. पण तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरी मुलगी. तिचे डोळे मिटलेत."

मोठ्या बाई शेजारी उभ्या असताना हे ऐकायचं! महिन्यापूर्वी असतं तर हा काही बोलला नसता. दुसऱ्या फोटोतले डोळे काढून त्या मुलीला गुपचूप लावून दिले असते, आणि मला म्हणाला असता, छान आलाय ताई.

"फोकसचं खरं सांगतोस ना?" मी विचारलं. "माझी शपथ?"

"ताई," तो म्हणाला, "खोटंच सांगायचं असतं, तर डोळे मिटल्याचं कशाला सांगितलं असतं?"

मी फोन खिशात टाकला. मोठ्या बाईंना म्हटलं, "एका मुलीचे डोळे मिटलेत, पुन्हा घेते," आणि मैदानाकडे वळून, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "ए, कुणी जागचं हललात तर बघा!"